हुकूम कोणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गणपती बाप्पा मोरया!

आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. अशा वेळी भाषण करणाऱ्याने किती वेळ घ्यावा, याची आम्हाला जाणीव आहे. तरी विषय थोडा निवांत सांगण्यासारखा आहे, म्हणून थोडी सवलत मागून घेतो.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाने सीमेवरच्या चौकीचा देखावा केला होता. कापसाचा बर्फ, पोत्यांचा मोर्चा आणि त्यामागे बंदूक रोखून उभा असलेला जवान. गर्दी चांगली झाली. त्या गर्दीत सातवी-आठवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारलं, "काका, हे लोक इतके शिस्तीचे आणि इतके प्रामाणिक, मग देश यांच्याच हातात का देत नाहीत?" शेजारच्या दोन-तीन मोठ्या माणसांनीही माना डोलावल्या. एक जण तर म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय. पाच वर्षं लष्कराकडे द्या, सगळं सरळ होईल."

आम्ही त्या वेळी "तसं नसतं रे बाळा" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय आम्ही पडलो राज्य सरकारचे नोकर. त्या प्रश्नातला अर्धा टोला आम्हालाही लागलेला होता. त्या मुलाला उरलेलं उत्तर आज द्यावं, एवढाच या भाषणाचा हेतू.

सुरुवात आपल्याच रेल्वेलाइनवरून करू. चलथाणहून गाडीत बसलं की बारडोली, मढी, व्यारा करत उकाई-सोनगड येतं. पुढे नवापूर, नंदुरबार, अमळनेर, जळगाव. आपल्यातल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांचं जाणं-येणं याच ताप्ती लाइनवरून होत आलं आहे. सोनगडचा डोंगरी किल्ला अनेकांनी पाहिला असेल. बडोद्याच्या गायकवाडांची सत्ता तिथून सुरू झाली. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड हे आपलं ठाणं केलं. हे पिलाजीराव कोणाचे माणूस? तळेगावच्या दाभाड्यांचे. आणि दाभाडे होते छत्रपती शाहू महाराजांचे सेनापती.

मुख्य प्रधान म्हणजे पेशवे आणि फौजेचा प्रमुख म्हणजे सेनापती, ही दोन पदं वेगळी आणि दोन्हींच्या वर छत्रपती, अशी मूळ मांडणी. पण 1731 साली काय झालं? गुजरातच्या चौथाईवर हक्क कोणाचा, यावरून पेशवे पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात वाद पेटला. दाभाड्यांची निजामाशीही बोलणी चालू होती. शेवटी 1 एप्रिल 1731 रोजी डभोईजवळ एकाच छत्रपतींच्या दोन प्रधानांच्या फौजा समोरासमोर आल्या. सेनापती त्र्यंबकराव त्या लढाईत मारले गेले. म्हणजे आपल्या गुजरातच्याच भूमीवर मराठ्यांच्या पेशव्याने मराठ्यांच्या सेनापतीशी युद्ध केलं. शाहू महाराजांना पुढे समेट घडवावा लागला. दाभाड्यांच्या लहान मुलाला सेनापतिपद मिळालं आणि खरा कारभार पिलाजीरावांच्या हाती आला.

चूक कोणाची, हा वाद इतिहासकारांवर सोडू. आम्हाला त्यात दिसतं ते दुसरंच. शिवाजी महाराजांनी फौजेचा पगार शक्यतो सरकारी खजिन्यातून, रोख दिला. लढणाऱ्याला मुलूख तोडून देणं त्यांनी टाळलं. एका किल्ल्यावर अधिकारीही तीन: हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्याचं आणि दारूगोळ्याचं कोठार. एकटा माणूस किल्ला विकूही शकणार नाही आणि बळकावूही शकणार नाही, अशी ती सोय. पुढे राजाराम महाराजांच्या काळात स्वराज्यावर प्राणसंकट आलं आणि सरदारांना सरंजाम द्यावे लागले. त्या वेळी ती गरजच होती. पण त्यातून एक गोष्ट घडली. ज्याच्या हातात तलवार, त्याच्याच हातात तिजोरी आली. मग हुकूम साताऱ्याहून सुटायचा आणि तो पाळायचा की नाही, हे सरदार आपल्या छावणीत बसून ठरवायचा. ती माणसं शूर नव्हती, असं कोण म्हणेल? शौर्याला तोटा नव्हता. हुकूम कोणाचा, हे मात्र पक्कं राहिलं नाही.

तो काळ राजेशाहीचा, हे आम्हाला मान्य आहे. पण स्वतंत्र भारताची घटना लिहिताना हाच प्रश्न पुन्हा समोर होता आणि त्याचं उत्तर फार स्पष्ट दिलं गेलं. अनुच्छेद 53 प्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने आणि मंत्रिमंडळ जबाबदार असतं लोकसभेला. लष्कराचा पैसाही दरवर्षी संसदेनेच मंजूर करायचा. म्हणजे तलवार एकीकडे आणि तिजोरीची किल्ली दुसरीकडे, ही महाराजांच्या किल्ल्यावरची सोय पुन्हा आली. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत 1949 साली दिला होता. तो पुढाऱ्यांच्या भक्तीबद्दल होता. आम्हाला वाटतं, गणवेशाच्या भक्तीलाही तो लागू पडतो.

इंग्रजांच्या राज्यात सरसेनापतीचा मान व्हाइसरॉयच्या खालोखाल असे आणि तो त्यांच्या मंडळात बसे. दिल्लीतलं तीन मूर्ती भवन हे त्यांचं निवासस्थान. स्वातंत्र्यानंतर त्या घरात पंतप्रधान राहायला गेले. 1955 साली सरसेनापती हे पदच गेलं आणि भूदल, नौदल व वायुदल यांचे तीन प्रमुख झाले. सैनिकांनाही काही बंधनं घालण्यात आली. मतदान करता येतं, पण पक्षात जाता येत नाही. राजकीय सभेत भाषण करता येत नाही. आपल्याला असलेले काही हक्क त्यांनी देशासाठी बाजूला ठेवलेले असतात, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

आता कोणी म्हणेल, कागदावर सगळं छान आहे, पण 1962 साली काय झालं? हुकूम पुढाऱ्यांचा होता आणि मार जवानांनी खाल्ला. ही शंका रास्त आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

1959 साली भूदलप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं पटत नव्हतं आणि त्यात अधिकाऱ्यांच्या बढत्यांचाही प्रश्न होता. पंडित नेहरूंनी समजूत घातल्यावर त्यांनी राजीनामा मागे घेतला. लष्करावर नागरी सत्ता श्रेष्ठ असली पाहिजे, असं नेहरूंनी संसदेत सांगितलं. तत्त्व बरोबरच होतं. पण त्या तत्त्वाच्या आड एक वाईट सवय वाढत गेली. वरच्यांना आवडेल ते सांगणारे पुढे जाऊ लागले आणि स्पष्ट बोलणारे अडचणीत येऊ लागले. सॅम मानेकशॉ यांच्यावर त्याच काळात चौकशी बसली. ते त्यातून निर्दोष सुटले.

1962च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेफाच्या आघाडीवर चिन्यांना थाग ला डोंगरावरून हुसकून लावा, असा हुकूम सुटला. तिथल्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी अडचणी मांडल्या. रस्ता नाही, तोफा नाहीत, थंडीचे कपडे नाहीत. परिणाम काय, तर ती आघाडीच त्यांच्याकडून काढून नव्या कोअरकडे दिली गेली आणि तिचे प्रमुख झाले जनरल कौल. युद्धातल्या नेतृत्वाचा त्यांना फारसा अनुभव नव्हता. 20 ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला आणि ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी स्वतः कैद झाले. त्या जवानांनी हुकूम पाळला. पण तो हुकूम देण्याआधी वरच्यांनी खालच्याचं खरं बोलणं ऐकून घ्यायला हवं होतं, ते झालं नाही.

पुढे काय झालं, तेही तितकंच महत्त्वाचं आहे. लोकांनी आणि संसदेने जाब विचारला. मेनन यांना जावं लागलं, भूदलप्रमुख जनरल थापर यांनीही पद सोडलं. नोव्हेंबर 1962मध्ये आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपण आजही कौतुकाने म्हणतो. पण सह्याद्रीने तिथे जाऊन केलं काय, हे मात्र फारसं सांगत नाही.

यशवंतराव काही सैनिक नव्हते. कऱ्हाडकडचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले वकील. त्यांनी बंदूक कशी धरायची हे लष्कराला शिकवलं नाही. त्यांनी सेनाप्रमुखांशी नियमित बोलणं सुरू ठेवलं आणि त्यांचं ऐकून घेतलं. काय साधायचं हे सरकार ठरवेल आणि मोहीम कशी लढायची हे सेनापती ठरवतील, अशी वाटणी त्यांच्या काळात रुळली. भूदल सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवण्याची योजना आखली गेली. पराभवाच्या चौकशीबद्दल 1963 साली त्यांनी लोकसभेत उभं राहून निवेदन केलं. चौकशीचा मूळ अहवाल आजही पूर्णपणे प्रसिद्ध झालेला नाही आणि हे आपल्या लोकशाहीचं उणेपण आहे, असं आम्हाला वाटतं.

त्या तीन वर्षांच्या मेहनतीची परीक्षा 1 सप्टेंबर 1965 रोजी झाली. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारनंतर भूदलप्रमुख आणि वायुदलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. विमानं वापरायची परवानगी हवी होती. विमानं उडाली की लढाईचं रूपच बदलणार, हे सर्वांना ठाऊक होतं. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि सूर्यास्तापूर्वी विमानं छांबवर होती. पहिल्याच संध्याकाळी चार विमानं आपण गमावली. तो निर्णय मंत्र्याचा होता आणि त्याची जबाबदारीही मंत्र्याची. सेनाप्रमुख परवानगी मागायला आले, मंत्र्याने टोलवाटोलवी केली नाही आणि कसं लढायचं यात लुडबूडही केली नाही. आम्ही या विषयावर जेवढं वाचलं, त्यात या संध्याकाळीसारखं उदाहरण दुसरं सापडलं नाही.

त्याच युद्धात 19 सप्टेंबरला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता कच्छच्या सीमेकडे निघाले असताना त्यांचं विमान पाकिस्तानी विमानाने पाडलं. पंचायत राज्याची कल्पना मांडणारा, आयुष्यात शस्त्र न धरलेला हा माणूस सपत्नीक त्यात गेला. देशासाठी जीव देणाऱ्यांत गणवेश नसलेलेही असतात.

मानेकशॉ यांचं घराणं मूळचं आपल्या शेजारच्या वलसाडचं. 1971च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी पूर्व पाकिस्तानाबद्दल विचारलं, तेव्हा आपण "आत्ता नाही" असं मंत्रिमंडळासमोर स्पष्ट सांगितल्याचं ते पुढे सांगत. पावसाळा तोंडावर होता आणि तयारी अपुरी होती. या वेळी सरकारने ऐकलं. डिसेंबरमध्ये युद्ध झालं आणि बांगलादेश जन्माला आला. 1962 साली "नाही" म्हणणाऱ्याला बाजूला केलं, 1971 साली "नाही" म्हणणाऱ्याचं ऐकलं. हुकूम दोन्ही वेळा नागरी सरकारचाच होता.

आणि समोरच्या बाजूला कोण होतं? तिथे 1958पासून लष्कराचंच राज्य. अयुब खान आले, तेव्हा तिथल्याही बऱ्याच लोकांना आनंद झाला होता. पुढारी भ्रष्ट आहेत, आता सगळं सरळ होईल, असंच ते म्हणत होते. 1970च्या निवडणुकीचा निकाल जनरल याह्या खानांना रुचला नाही. पूर्व पाकिस्तानात त्यांनी आपल्याच लोकांवर सैन्य घातलं. त्यांना "नाही" म्हणणारा वर कोणी नव्हताच, कारण वर तेच होते. शेवट काय झाला? अर्धा देश गेला आणि सुमारे 93 हजार माणसं युद्धकैदी झाली. लष्कराने राज्य केल्याची सर्वांत मोठी किंमत त्या लष्करालाच मोजावी लागली.

आपल्याकडे 30 डिसेंबर 1998 रोजी सरकारने नौदलप्रमुख ॲडमिरल भागवत यांना पदावरून दूर केलं. सरकारचं चुकलं की बरोबर, यावर तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. पण त्याच दिवशी नव्या प्रमुखांनी सूत्रं घेतली आणि वाद गेला तो संसदेत आणि वर्तमानपत्रांत. डभोईच्या मैदानात गेला नाही.

आता जरा घरचं सांगतो. ऑगस्ट 2006चा तापीचा पूर इथे बसलेल्यांना आठवत असेल. उकाईतून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. अडाजण, रांदेर भागात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. भूदल, नौदल, वायुदल तिन्ही मदतीला आले. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. एका लष्करी तुकडीबरोबर वाटाड्या म्हणून आमची नेमणूक झाली. बोटीत बसल्यावर त्या तरुण कॅप्टनने विचारलं, "पहले कहाँ?" आम्हाला वाटलं होतं, ते सांगतील आणि आम्ही मागे जाऊ. उलटच झालं. कुठे जायचं, आधी कोणाला काढायचं, हे आम्ही सांगायचं होतं. आमच्या हातात एक यादी होती. ती आदल्या दिवशीची निघाली. तिच्यावर भरवसा ठेवून आम्ही बोट ज्या सोसायटीत नेली, तिथली माणसं आधीच बाहेर पडलेली होती. दीड तास वाया गेला. पलीकडच्या गल्लीत एक बाळंतीण चार दिवसांच्या लेकराला घेऊन दुसऱ्या मजल्यावर वाट पाहत होती. संध्याकाळी दोघं सुखरूप निघाली, ही देवाची कृपा. पण तो दीड तास आमच्या खात्यावर आहे.

तुकडीत साताऱ्याकडचा एक हवालदार होता. परतताना मान खाली घालून बसलेल्या आम्हाला तो म्हणाला, "दादा, बोट आमची, पण गल्ली तुमची. तुम्ही नीट सांगा, आम्ही जातो." त्याने दोष दिला नाही आणि आमचं काम स्वतःच्या हातात घ्यायचाही प्रयत्न केला नाही. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले. चिखल उपसून झालेल्या मंडपात आरती म्हणताना आमच्या कानात त्याचंच वाक्य होतं.

तो बोलला, तेच कायद्यातही आहे. संकटात लष्कर येतं ते नागरी प्रशासनाने बोलावल्यावर, त्याच्या मदतीला. दंगल झाली, तरी सैन्य कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरूनच जमाव पांगवतं आणि तेही शक्य तितकं कमी बळ वापरून. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो. संपर्क होताच पुन्हा त्याचं ऐकायचं. जुन्या फौजदारी संहितेत हे होतं आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 ते 150मध्ये आहे. काम संपलं की सैन्य छावणीत परततं. हे परतणं आपल्याला साधं वाटतं. शेजारच्या काही देशांत एकदा आलेलं सैन्य पंधरा-वीस वर्षं परतलं नाही.

पण याची दुसरी बाजू आम्हा नोकरदारांना बोचणारी आहे. सप्टेंबर 2017मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. मग नवा पादचारी पूल बांधायला लष्कराला बोलावलं. त्यांनी काही महिन्यांत, फेब्रुवारी 2018मध्ये तो पुराही करून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही डिप्लोमावाली माणसं. आम्हाला टाळ्यांच्या आवाजात लाजही वाटली. स्टेशनवरचा पूल बांधणं हे आमच्यासारख्यांचं काम. सीमेवर पूल टाकणाऱ्या जवानाला त्यासाठी शहरात बोलवावं लागलं, याचा अर्थ लष्कर चांगलं आहे एवढाच होत नाही, आम्ही कमी पडलो असाही होतो. नागरी कारभार असा ठिकठिकाणी कमी पडत गेला, की मगच लोक म्हणू लागतात, "द्या सगळं लष्कराकडे." लष्कर तसं कधी मागत नाही. आपल्या आळसातून ती मागणी तयार होते.

पुढाऱ्यांनाही एक सांगणं आहे. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाला 2013 साली सांगावं लागलं आणि 2019 साली त्याची आठवण करून द्यावी लागली. सैन्य कोणत्याही एका पक्षाचं नाही. त्याला एका बाजूला ओढणं म्हणजे सेनापतीला पुन्हा डभोईच्या वाटेला लावणं.

तर, गेल्या वर्षीच्या त्या मुलाला आमचं उत्तर असं. बाळा, देश त्यांच्या हातात देत नाही, कारण मग त्यांना "हे चुकलं" असं सांगणारा कोणी उरणार नाही. सरकार चुकलं तर आपण मत देऊन बदलतो. बंदूक हातात असलेलं सरकार कोण बदलणार? जवान हुकूम पाळायला तयार आहे, प्राण पणाला लावून तयार आहे. त्याला शहाणा हुकूम मिळेल असं सरकार निवडणं, त्याला जाब विचारणं आणि आपल्या हातातली यादी आजची ठेवणं, हे काम मात्र तुझं, आमचं आणि या मंडपातल्या प्रत्येकाचं आहे.

शेवटी एकच. देवांचा सेनापती कार्तिकेय. मोठा पराक्रमी, तारकासुराला मारणारा. त्याचा मान कोणी कमी करत नाही. पण कोणत्याही कार्याला पहिली पूजा असते ती गणपतीची, म्हणजे गणांच्या, लोकांच्या अधिपतीची. भाऊ दोघेही एकाच घरातले, पण कामं वेगळी. आपल्या पूर्वजांनी ही वाटणी देवघरात करून ठेवली आहे. आपण ती दिल्लीपासून चलथाणपर्यंत सांभाळू या.

आता प्रसाद घ्या.

गणपती बाप्पा मोरया! जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गुजरात.